फळ्यावरची पंचवीस आवर्तनं

मी एक भाषा तयार करते आहे. बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला काम सांगायची. उज्जैनमध्ये हे वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यातल्या निम्म्या लोकांनी विचारलं, "मग पगार कोण देतं?" उरलेल्यांनी विचारलं, "आधीच्या भाषा संपल्या का?" पगार कॉलेज देतं, पोरांना शिकवण्याचा. आणि आधीच्या भाषा संपलेल्या नाहीत, पण मला त्यांचा राग येतो.

राग कशाचा ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आजकालच्या बहुतेक भाषांत प्रोग्राम म्हणजे ऑब्जेक्टांचं एक कुटुंब असतं. प्रत्येक ऑब्जेक्टकडे स्वतःचं सामान, स्वतःची ठरलेली कामं. दुसऱ्याने नाव घेऊन सांगायचं आणि त्याने करायचं. इथवर छानच आहे. पण चार कामं एकाच वेळी चालू झाली की हीच सभ्य मंडळी एकमेकांच्या डब्यात हात घालू लागतात. मग डब्याला कुलूप लावा, किल्ली एकाकडे, दुसरा दाराशी ताटकळत, आणि कधीकधी दोघं एकमेकांच्या किल्लीची वाट बघत जन्मभर बसलेले. वीस वर्षं मी हा प्रकार फळ्यावर शिकवला आणि दर वर्षी तो शिकवताना माझं डोकं फिरलं.

म्हणून माझी भाषा. तिच्यात कुणी कुणाच्या डब्याला हात लावायचा नाही, फक्त निरोप पाठवायचे. निरोप पाठवायचा शब्द 'दे', घ्यायचा शब्द 'घे'. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक ऑब्जेक्टने जन्मतःच सांगून टाकायचं, की माझ्याशी बोलणं कुठल्या क्रमाने होईल. आधी हे, मग हे कितीही वेळा, आणि शेवटी ते, एकदाच. प्रोग्राम चालवायच्या आधीच कंपायलरचा, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याचा, एक भाग सगळ्यांची बोलणी जुळवून बघतो आणि क्रम चुकणाऱ्याला दारातच अडवतो. त्या भागाला मी तपासनीस म्हणते. माधव नगरातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाचं एक टोक गेली सहा वर्षं या तपासनिसाचं आहे. नवरा त्या टोकाला ताट ठेवत नाही. सुरुवातीला ठेवायचा.

आता आमच्या मंडळाबद्दल. इथल्या मराठी बायकांचं एक मंडळ आहे. काहींची घराणी शिंद्यांच्या काळापासून इथली, काही बँकेच्या नाहीतर रेल्वेच्या बदलीने आलेल्या आणि इथल्याच झालेल्या. गणेशोत्सवात एका सकाळी फ्रीगंजच्या हॉलमध्ये आम्ही चाळीस जणी गणपतीच्या स्तोत्राची हजार आवर्तनं करतो. दहा-दहाच्या चार ओळी, प्रत्येक ओळीने पंचवीस वेळा म्हटलं की चाळीस गुणिले पंचवीस, हजार. पूर्वी सगळ्या एका सुरात म्हणत. पण बँकेतल्या सुनांचा वेग आणि सत्तरीच्या पुढच्यांचा वेग यांचं जमेना, काहींची दमछाक आणि काहींची चुळबुळ. मग प्रत्येक ओळ आपापल्या वेगाने म्हणू लागली, हॉलचे चार कोपरे वाटून घेऊन. प्रत्येक ओळीला एक प्रमुख.

यात एक नियम असा, की फलश्रुती फक्त शेवटी, एकदाच म्हणायची. सुरुवातीला शांतिमंत्र, मग मूळ पाठ पुन्हा पुन्हा, आणि चारही ओळींची पंचवीस पुरी झाली की सगळ्यांनी मिळून फलश्रुती. ती एकदा म्हटली की संपलं, मग मागे जाऊन राहिलेलं आवर्तन जोडता येत नाही. आम्ही दर वर्षी हे करत होतो आणि माझ्या भाषेचं अख्खं तत्त्व त्यात बसलेलं होतं, पण मला ते दिसत नव्हतं. मला फक्त मोजणीतला गोंधळ दिसत होता. प्रत्येक प्रमुख मनातल्या मनात मोजायची आणि कोण कुठे पोचलंय हे दुसरीला कळायचं नाही.

गेल्या गणेशोत्सवात अध्यक्षबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या आहात, काहीतरी सिस्टिम बसवा ना." मला तेवढंच हवं होतं. मी कॉलेजमधून चाकांचा पांढरा फळा आणला, चार रकाने आखले, पेनं ठेवली. आवर्तन संपलं की आपल्या रकान्यात एक रेघ. चारही रकान्यांत पंचवीस रेघा दिसल्या की अध्यक्षबाई फलश्रुती सुरू करणार. फार सुंदर दिसत होता तो फळा. मी त्याचा फोटोही काढला.

चौथ्या ओळीच्या प्रमुख माझ्या सासूबाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. सरकारी कन्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि ओळी पडल्या तेव्हापासून या ओळीच्या पुढे बसणाऱ्या. त्यांचे गुडघे बोलतात, सारखं उठून फळ्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही नुसता हात वर करा, जवळची कुणीही जाऊन रेघ मारेल." हा 'कुणीही' मीच घातला. तो नीट लक्षात ठेवा.

सगळं झकास चाललं. चारही रकाने भरले, अध्यक्षबाईंनी हात जोडले आणि फलश्रुती सुरू केली. सगळ्या म्हणू लागल्या. फक्त सासूबाई गप्प. प्रसाद वाटायची वेळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या ओळीची तेवीसच झालीत. दोन राहिलीत."

"काकू, फळ्यावर क्लिअर दिसतंय ना, पंचवीस आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी पेरांवर मोजलीत. तेवीस."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "होता है, उमर हो गई अब." ते सगळ्यांना ऐकू गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, सहा वर्षं याच विषयात डोकं घालून बसलेली मी, शांतपणे म्हणाले, "आई, फळा चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अध्यक्षबाईंना फोन करून सांगितलं, की पुढच्या वेळेपासून आपलं नाव प्रमुखांत नको. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. वय होतं माणसाचं, मानून घेतलेलं बरं, असा समजूतदार विचार मी केला. आता तो आठवला की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

नंतरच्या दिवसांत दुपारी त्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू यायचं. मला वाटलं, जप वाढवलाय.

दिवाळीच्या सुट्टीआधी इंदूरहून माझ्या गाईड सरांचा फोन आला. या भाषेवरच्याच माझ्या पीएचडीची मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढणार नव्हती. सरांनी माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण वाचलं होतं आणि त्यांचा एकच प्रश्न होता. "मैडम, आपका ऑब्जेक्ट तो पब्लिक प्रॉपर्टी है. दो लोगों ने एक ही ऑब्जेक्ट पकड़ रखा हो, तो बातचीत किसकी चल रही है?" मी म्हटलं, सर, दोघंही क्रमानेच बोलतात, तपासनीस दोघांनाही तपासतो. ते म्हणाले, "कोई जीता-जागता उदाहरण बना के दिखाइए." मला जरा रागच आला. क्रम पाळणाऱ्या दोन माणसांनी गडबड होईलच कशी?

जिवंत उदाहरण म्हणून मी मंडळच घेतलं. शांतिमंत्र, मूळ पाठ कितीही वेळा, शेवटी फलश्रुती. माझ्या भाषेत हे लिहायला तीन ओळी लागल्या आणि त्या बघून मी टेबलावर हात आपटला, इतक्या त्या नेटक्या दिसत होत्या. हे आधी कसं सुचलं नाही मला! मग बायकांच्या चार ओळींचे चार ऑब्जेक्ट, फळ्याचा एक, रेघ मारायला जाणाऱ्या मदतनिसांचे काही. चौथ्या ओळीला हात वर करायची सोय दिली, अगदी प्रत्यक्षात होती तशी. रविवारची दुपार होती. तपासनिसाने सगळं वाचलं आणि सांगितलं, ठीक आहे. मी प्रोग्राम चालवला.

फलश्रुती सुरू झाली तेव्हा चौथी ओळ चोविसाव्या आवर्तनाच्या मध्यावर होती. म्हणजे पुरी झालेली तेवीस.

पुन्हा चालवला. पंचवीस. पुन्हा. चोवीस. पुन्हा. पंचवीस. पुन्हा. तेवीस. मी मोठ्याने हसू लागले. नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. मी म्हटलं, "माझ्या भाषेला भोक आहे!" त्याने आनंदाची बातमी म्हणून ती घ्यावी की दुःखाची, हे त्याला समजेना. पण ज्याने कधी सहा वर्षं एखादी गोष्ट बांधली आहे त्यालाच ठाऊक, की कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहणं फार वाईट असतं आणि ती चूक समोर येऊन उभी राहणं हे जवळजवळ सण असल्यासारखं असतं. सर बरोबर होते. चौथ्या ओळीचा हात वर झाला की कधीकधी दोन मदतनीस दोन बाजूंनी उठत होत्या, दोघींच्याही हातात त्याच रकान्याचा हक्क, दोघीही नियमाला धरून एकेक रेघ मारत होत्या. दोघींना वेगवेगळं तपासलं तर कुणाचंच काही चुकत नाही. चुकत होतं ते हे, की एकाच बोलण्याचं एकच टोक दोघींनी पकडलं होतं आणि बोलणं दुप्पट वेगाने पुढे सरकत होतं.

मिनिटभर मी नुसती खुशीत होते. मग स्क्रीनवरच्या आकड्यांकडे नीट पाहिलं. फळ्याचा आकडा दर वेळी पंचवीस होता. चौथ्या ओळीचा स्वतःचा आकडा दर वेळी खरा होता. ओळ एकदाही चुकलेली नव्हती.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशीचा लांबलचक व्हिडिओ कुणीतरी टाकला होता. मी तो उघडला. सासूबाई हात वर करतात, डावीकडून एक जण उठते, रेघ मारते. हे बऱ्याचदा. मग एकदा डावीकडची उठून फळ्यापाशी रेघ मारून वळते आणि उजवीकडची, जिचं लक्ष अजून वरच असलेल्या हाताकडे आत्ता गेलं आहे, ती उठून दुसरी रेघ मारते. थोड्या वेळाने परत एकदा तसंच. दोन. मी तो भाग चार वेळा मागे नेऊन पाहिला आणि मग लॅपटॉप मिटला.

सासूबाई बाहेरच्या खोलीत मटार सोलत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सांगितलं, "आई, तुमचं बरोबर होतं. तेवीसच झाली होती. दोन रेघा जास्त पडल्या होत्या. चूक फळ्याची होती, म्हणजे माझी."

त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "दोन महिने मी रोज दुपारी स्वतःची परीक्षा घेते आहे. एकोणीसचा पाढा, एकोणतीसचा पाढा. मग भोपाळपर्यंतची स्टेशनं. तराना रोड, मक्सी, बेरछा, अकोदिया, शुजालपूर. एखादं अडलं की छातीत धस्स होतं. वाटतं, सुरू झालं."

मी म्हटलं, "मंडळातल्या बायकांचं एवढं मनावर..."

"मंडळाचं कोण मनावर घेतं?" त्या म्हणाल्या. "त्या काय, काहीही बोलतील. तू म्हणालीस ना, फळा चुकणार नाही. मला वाटलं, हिला यातलं कळतं."

याच्याइतकं मला आयुष्यात काही लागलेलं नाही. मी नुसती मान खाली घालून मटार सोलू लागले. दोघी सोलत राहिलो. आणि थोड्या वेळाने त्यांच्यातली गणिताची बाई जागी झाली, कारण त्यांनी विचारलं, "पण दोन रेघा पडल्याच कशा? दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही?"

मी सांगितलं. ऑब्जेक्ट, निरोप, हक्क, सगळं मटारांच्या ढिगावर बोट फिरवत समजावलं. म्हटलं, "आता उपाय एकच, फळ्याला कुलूप. एका वेळी एकच जण." हे बोलताना माझाच चेहरा पडला होता, कारण कुलपांना कंटाळूनच तर मी हा उद्योग मांडला होता.

"कुलूप लावून काय होणार? एक जण रेघ मारून येईल, मग दुसरी कुलूप उघडून जाईल आणि परत मारेलच," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मटार सोलतासोलता म्हटलं. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली निम्मी पोरं हे परीक्षेत लिहू शकत नाहीत. "फळा हवाच कशाला? मला एका वाटीत पंचवीस सुपाऱ्या घालून दे. आवर्तन सुरू करताना एक सुपारी हातात घ्यायची, संपलं की समोरच्या ताम्हनात टाकायची. वाटी माझ्या हातात, दुसरीचा काय संबंध? मला मधे उठायला लागलं तर अख्खी वाटी शेजारणीला देईन. कितवं झालं, किती राहिलं, तिला सांगायला नको. वाटीत जेवढ्या आहेत तेवढी राहिली. आणि वाटी रिकामी झाली की ती अध्यक्षबाईंकडे. चार रिकाम्या वाट्या आल्या की त्यांनी फलश्रुती म्हणावी."

मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी डोक्यात एकामागून एक दिवे लागत होते, दोन्ही एकदमच. वाटी! वाटी दिली की देणारीच्या हातात काही उरत नाही. जी घेते तिला वाटीबरोबर उरलेलं बोलणंही मिळतं, जिथे थांबलं होतं तिथून पुढचं. तपासनिसाला एवढंच बघायचं, की दिलेल्या वस्तूला देणारीने पुन्हा हात लावला नाही ना. कुलूप नको, किल्ली नको, ताटकळणं नको. असं काहीतरी जगात इतरांनाही सुचलेलं आहे, हे मी वाचलं होतं, माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात त्याबद्दल दोन पानं होती. पण तेव्हा मी ती पानं नुसती उतरवली होती.

मग लगेच मला शंका आली. "आई, सगळंच असं एकाच्या हातात ठेवलं तर कसं चालेल? काही गोष्टी सगळ्यांच्या असतातच की. ऑब्जेक्टांच्या भाषेत तर एकच वस्तू दहा जणांना लागते."

"असतात ना. समईत तेल कोणीही घालतं. ज्याचं लक्ष जाईल तो घालतो. त्यात कुठे आधी-नंतर असतं?" त्या म्हणाल्या आणि मग मटाराची परात माझ्यापुढे सरकवून आत गेल्या. त्यांना बहुतेक थोडा वेळ एकटं बसायचं होतं.

मी परात तिथेच टाकून टेबलाकडे पळाले. ज्या वस्तूशी बोलण्याला क्रम आहे, ती वाटी. ती एका वेळी एकाच्याच हातात. जिला क्रमच नाही, जी कधीही, कुणाचंही, कुठलंही सांगणं ऐकू शकते, ती समई. ती हवी तेवढ्यांनी धरा. क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, लिहितानाच सांगायचं, ही कुठल्या जातीची. माझ्या भाषेत आज हे दोन शब्द खरोखर आहेत. पुढचे चार दिवस मी अंघोळ आणि जेवण सोडून बाकी कशाला उठले नाही. पाचव्या दिवशी सकाळी मंडळाचा तोच जुना प्रोग्राम तपासनिसापुढे ठेवला आणि त्याने तो दारातच अडवला. 'चौथा रकाना एकाच वेळी दोघींच्या हातात आहे.' मी तो संदेश स्वतःच लिहिलेला होता, तरी तो समोर उमटलेला बघून मला रडू आलं. मग वाट्यांचा प्रोग्राम दिला. ठीक आहे, म्हणाला. चालवला. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. कंटाळा येईपर्यंत पंचवीस. नवऱ्याने त्या संध्याकाळी फ्रीगंजहून गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणला. गरम, वर मसाला आणि लिंबू. माझ्या भाषेला मिळालेलं ते पहिलं बक्षीस.

सरांनी सगळं वाचून फोन केला. "मैडम, बात नई नहीं है, पर क्लास के अंदर जैसे आपने बिठाई है, वो आपकी है. अब लिख डालिए." ही त्यांच्याकडून फार मोठी गोष्ट. पण खरं सांगू, तेव्हा माझं निम्मं लक्ष दुसरीकडेच होतं. माघातल्या गणेश जयंतीला पुन्हा आवर्तनं होणार होती आणि प्रमुखांची यादी ग्रुपवर आली होती. चौथ्या ओळीपुढे दुसरंच नाव होतं.

बैठकीला मी लॅपटॉप घेऊन गेले. हॉलमधल्या टीव्हीला जोडला, व्हिडिओ लावला आणि दोन्ही जागी थांबवून दाखवला. म्हटलं, "आईंची तेवीस बरोबर होती. रकाना मी कुणाच्याही हाती दिला, म्हणून असं झालं. त्या दिवशी मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते आहे." उजवीकडून उठलेल्या बाई स्वतःला टीव्हीवर बघून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर मीच." त्यांना फार अपराधी वाटलं. त्यांचा काही दोष नव्हता, तेही मी सांगितलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तो एकदम कोर्टच भरवलंत." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण काकूंना आता त्रास कशाला? आरामात मागे बसू देत ना." मी म्हटलं, त्रास त्यांना मागे बसवल्याने होतो. माझा आवाज चढला असावा, कारण अध्यक्षबाईंनी लगेच पेन मागितलं. यादी बदलली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाट्या देणार असाल तर बसते. फळा असेल तर नाही."

माघातली सकाळ, थंडी होती, सगळ्या शाली पांघरून आलेल्या. चार प्रमुखांपुढे चार वाट्या, चार ताम्हनं. मी मुद्दाम चौथ्या ओळीत बसले, सासूबाईंच्या उजव्या हाताला. शांतिमंत्र झाला आणि चारही कोपरे आपापल्या वेगाने सुरू झाले. बँकेची ओळ सुसाट, आमची संथ. सासूबाईंचा आवाज शाळेतला, खणखणीत. एक सुपारी हातात, आवर्तन, ताम्हनात टण्ण, पुढची सुपारी. पहिल्या ओळीची प्रमुख मधेच नातवाला घ्यायला उठली, वाटी शेजारणीच्या हातात देऊन गेली, ओळ अडखळलीसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी एक शब्द चुकले.

मग आमच्या ओळीत एक आवर्तन संपलं आणि पुढचं सुरू झालं नाही.

सासूबाई गप्प होत्या. ओळ थांबली. बाकीचे तीन कोपरे चालूच होते. मी वळून पाहिलं, त्या समोर कुठेतरी बघत होत्या, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही नव्हतं. म्हणजे मी कोण हे त्यांना ठाऊक होतं, पण आपण कुठे आहोत, कितवं चाललंय, हे संपलं की व्हायचंय, काही नाही. मनात आलं, व्हिडिओने मी फक्त त्या एका दिवसाचं सिद्ध केलं. पुढच्या दिवसांची खात्री मी कुठून आणली होती? मी त्यांच्या वाटीकडे हात नेला, आणि मधेच थांबवला. वाटी त्यांच्या हातात होती. मला ती कुणी दिलेली नव्हती.

त्यांनी खाली पाहिलं. उजवी मूठ उघडली. आत सुपारी होती. ताम्हनात टण्ण वाजलेलं नव्हतं, म्हणजे म्हणून झालेलं होतं, टाकायची राहिली होती. त्यांनी ती ताम्हनात टाकली, वाटीतली पुढची उचलली आणि आवाज लावला. ओळ त्यांच्यामागे निघाली.

वाटी रिकामी करून त्यांनी ती अध्यक्षबाईंकडे पाठवली, सगळ्यांत शेवटची. चार वाट्या झाल्या. फलश्रुती झाली, आरती झाली. पोह्यांच्या बश्या हातात आल्या तेव्हा अध्यक्षबाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, "काकू, एकदम परफेक्ट झालं आज."

"कसलं परफेक्ट," सासूबाई म्हणाल्या. "मी मधे विसरले होते. कितवं ते काही म्हणजे काही आठवेना."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग?"

"मग काय, वाटीत होतं ना," त्या म्हणाल्या, आणि पोह्यावरची शेव जरा मागे सारून माझ्याकडे वळल्या. "ज्याला मी इतके दिवस घाबरत होते ना, ते आज झालं. आणि काही बिघडलं नाही, बघ."

हे त्यांनी मला एकटीला सांगितलं नाही. शाळेतल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.